न ऐकलेला निरोप

भोरच्या आमच्या क्लबात गवई बिलियर्डच्या टेबलावर बसून गात. ही थाप नाही. संस्थान होतं तेव्हा कुणा गोऱ्या पाहुण्याच्या खातिरीसाठी ते टेबल आणलं होतं म्हणे. पाहुणा गेला, संस्थान गेलं, चेंडू कुणीकुणी घरी नेले, आणि उरलेल्या टेबलाचे पाय कापून मंडळींनी त्याचं व्यासपीठ केलं. वर गादी, गादीवर पांढरी चादर, चादरीखाली अजून ते हिरवं कापड. सुताराच्या हातून एक पाय जरा जास्त कापला गेला होता. त्यामुळे गवई रंगात येऊन डावीकडे झुकला की टेबलही त्याच्याबरोबर झुकायचं. पहिल्यांदा येणारा तबलजी घाबरून डग्गा धरायचा. आम्हाला त्याची इतकी सवय झालेली, की टेबल हललं नाही तर त्या दिवशी गाणं रंगलं नाही असं आम्ही खुशाल म्हणत असू.

क्लब म्हणजे तरी काय, एक दिवाणखाना आणि वर लाकडी माडी. पुरुष खाली जाजमावर. आम्ही बायका माडीवर, बांबूच्या चिकाच्या पडद्याआड. चिकातून आम्हाला खालचं सगळं दिसे आणि खालच्यांना आमचं काही दिसत नसे, त्यामुळे टकलांची मोजदाद करायला ती जागा फार सोयीची होती. एकच अडचण. बायकांनी तोंडाने दाद द्यायची नाही, असा रिवाज होता. ‘वाहवा’ पुरुषांची. आम्ही समेवर हात हलवायचा आणि बांगड्या वाजवायच्या. सम म्हणजे तालाचं आवर्तन फिरून पुन्हा जिथे येतं ती जागा. तिथे गवयाने अचूक पाऊल टाकलं की वरून शंभर बांगड्या एकदम किणकिणत. मोठमोठे गवई त्या आवाजासाठी मान वर करत, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

आता ज्या बाईच्या हातात बांगड्या नाहीत तिने काय करायचं?

आमच्या आक्कांनी त्यावर तोड काढली होती. आक्का म्हणजे माझ्या सासूबाईंच्या थोरल्या चुलतजाऊ. ऐन तिशीत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. चिकाआड बसायच्या आणि समेवर सुपारीवरचा अडकित्ता मिटायच्या. कट्! बांगड्यांच्या किणकिणाटात तो एक आवाज लोखंडी, कोरडा, बरोबर समेवर. सासूबाई नव्या नवरी म्हणून भोरात आल्या तेव्हा त्यांना क्लबाची माडी आक्कांनीच दाखवली. कुठे ऐकायचं, कुठे थांबायचं, कुठे बांगडी हलवायची ते हाताला धरून शिकवलं. सासूबाई मला सांगायच्या, “मला स्वैपाक सासूनं शिकिवला, पर कान आक्कांनी दिले.”

पुढे आक्का वेल्ह्याला, वाटणीची भातखाचरं बघायला गेल्या आणि तिकडच्याच झाल्या. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या थकल्या होत्या. सणासुदीला भेट. वेल्ह्याच्या बाजारातून कुणी आलं की निरोप यायचा, आक्कांना बरं नाही, आक्का अंथरुणावरून उठत नाहीत, आक्का फार दिवस काढतील असं वाटत नाही. सासूबाई म्हणायच्या, “एकदा जाऊन येऊ.” मी म्हणायची, “हो, जाऊ या.” मग सुगी यायची, मग पाऊस यायचा, मग पापड यायचे.

त्या साली क्लबात एक म्हातारे बुवा गायला येणार असं ठरलं. त्यांचं नाव मी घेत नाही; ज्यांनी ऐकलंय त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी नाही त्यांना हळहळ नको. हे बुवा तरुणपणी, संस्थानच्या काळात, आमच्या क्लबात गायले होते. सासूबाईंनी त्यांना तेव्हा एकदाच ऐकलं होतं. आक्कांच्या शेजारी बसून. त्यानंतर मुलं झाली, त्यांचे सासू-सासरे गेले, केस पिकले, पण त्या गाण्याचा विषय निघाला की भाकरी तव्यावर करपायची. आता बुवा सत्तरीचे, पुन्हा भोरात येतील ही आशा नव्हती. रविवारी दुपारी चारला गाणं, कारण बुवांना संध्याकाळच्या एस.टी.ने पुण्याला परतायचं होतं. आमच्या घरातले पुरुष सकाळपासून क्लबात जाजमं झटकायला गेले होते. सासूबाईंनी इरकली लुगडं काढून ठेवलं. मला हिरव्या बांगड्या भरायला लावल्या, मनगटापासून कोपराच्या दिशेने जितक्या मावतील तितक्या. “दाद कमी पडाया नको,” म्हणाल्या.

आणि दुपारी जेवणं उरकून आम्ही उठतोय तोच अंगणात आक्कांचा पुतण्या उभा राहिला.

चाळिशीचा साधा, शब्दाला जपणारा माणूस. वेल्ह्याला आक्कांचं घर-शेत तोच बघे. तो उभा होता तो कसा, ते नीट सांगते. डोक्याला टोपी नाही. डोळे लाल. पायरीवर न चढता अंगणातच थांबलेला.

“या की आत,” मी म्हटलं.

“न्हाई वैनी, हितंच बरं हाय.”

“पाणी तरी?”

“पानी नगं. घाई हाय. काकींना बोलवा.”

आमच्याकडे मयताचा निरोप घेऊन येणारा माणूस असाच येतो. बोडक्या डोक्याने येतो, उंबरा ओलांडत नाही, पाण्याला शिवत नाही. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या दारात येऊन उभ्या होत्या आणि त्यांच्या तोंडावरचा रंग उडाला होता. मला वाटलं, आता हंबरडा फोडतील. पण त्यांची नजर माझ्या बांगड्यांवर गेली, तिथून खुंटीवरच्या इरकलीवर गेली, आणि परत त्याच्यावर आली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. भावकीत कुणी गेलं की दहा दिवसांचं सुतक. सुतकात देवपूजा नाही, गोडधोड नाही, गाणंबजावणं तर नाहीच नाही. पण सुतक लागतं ते कानावर बातमी पडल्यापासून. गावाकडे काय झालं ते जोवर तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही, तोवर तुम्ही मोकळे. शास्त्रात हे कशासाठी लिहिलंय ते मला ठाऊक नाही. आमच्या सासूबाईंनी ते कशासाठी वापरलं ते मात्र मी उभ्याउभ्या पाहिलं.

“काकी,” पुतण्याने तोंड उघडलं, “आक्का—”

“थांब!” सासूबाई ओरडल्या. “सूनबाई, दाणे कुटायला घे.”

“आत्ता? किती?”

“घरात असतील तेवडे!”

मी उखळाशी बसले आणि शेंगदाण्यांवर असे घाव घातले की शेजारची मांजर कौलावरून उतरून पळाली. त्या दणदणाटात तो बापडा अंगणातून हात हलवून काही सांगू पाहत होता आणि सासूबाई पायरीवरून हात हलवून त्याला थोपवत होत्या. दोन मुकी माणसं भांडतायत असा तो देखावा. मला हसू आवरेना. आज ते हसू आठवलं की लाज वाटते, पण तेव्हा मी बाविशीची होते आणि मलाही गाणं ऐकायचं होतं.

दाणे संपले. कूट झालं, कुटाचं पीठ झालं, पिठाला तेल सुटलं. मुसळ थांबलं तसा तो पुन्हा म्हणाला, “काकी, निरोप हाय—”

सासूबाई पायऱ्या उतरून त्याच्यापाशी गेल्या. आवाज एकदम मऊ केला. “मला समदं समजलंय रे. तुजं तोंड बगूनच समजलं. तू बोलू नगंस. गानं हाय आज, ठावं हाय ना तुला?”

“व्हय, म्हणून तर—”

“मग झालं तर. गानं हुईपर्यंत तुज्या तोंडातनं आक्कांचं नाव काडायचं न्हाई. माजी शप्पत हाय तुला. बाकी समदं आमी बगतो.”

त्याने सासूबाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा सैल झाला. “समदं बगता न्हवं तुमी?”

“बगते की.”

“मग बरं झालं. मला लई घोर लागलावता.”

आणि मग त्याने जे केलं त्याने खरं तर आमचे डोळे उघडायला हवे होते. तो पायऱ्या चढून वर आला, चुळा भरल्या, आणि म्हणाला, “वैनी, सकाळधरनं पोटात काय न्हाई. भाकरी हाय का?”

मयताच्या घरचा माणूस दुसऱ्याच्या घरी येऊन भाकरी मागत नाही. हे मला माहीत होतं. सासूबाईंना तर माझ्याहून माहीत होतं. मी ताट वाढताना त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर अजून माझ्यासमोर आहे. त्या नजरेत प्रश्न होता आणि तो आम्ही दोघींनी मिळून गिळला. त्याला त्या वेळी “काय रे, काय झालंय?” एवढं विचारलं असतं तर पुरे होतं. पण विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. तो पोटभर जेवला, आमचं ताजं कूट दह्यात कालवून खाल्लं, आणि पडवीत घोंगडी टाकून गाढ झोपला.

निघताना सासूबाईंनी चुलीवर पाण्याचा हंडा चढवला. “आल्यावर आंगुळ करावी लागंल,” त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. म्हणजे आल्यावर ऐकायचं, रडायचं, आंघोळ करायची. सगळ्याची सोय लावून आम्ही मागल्या दाराने निघालो. मागल्या दाराने का, ते विचारू नका. पडवीत झोपलेल्या माणसाला ओलांडून गाण्याला जायचा धीर दोघींनाही नव्हता.

गाणं कसं झालं? अहो, काय सांगू! बुवा टेबलावर चढले तेव्हा दोघांनी हात दिला. वाळलेली काडी. पण तंबोरे लागले, बुवांनी डोळे मिटले आणि मुलतानीचा पहिला स्वर लावला तेव्हा माडीच्या फळ्या माझ्या मांडीखाली गुणगुणल्या. त्या आवाजाला वय नव्हतं. थोड्या वेळात टेबल डावीकडे झुकलं. पेटीवाल्याच्या गालातलं पान जागच्या जागी थांबलं. खालची सगळी टकलं एकाच वेळी डोलायला लागली, वाऱ्यावर भोपळ्याचा मळा डोलावा तशी. आणि समेवर आम्ही हात हलवले. माझ्या कोपरापर्यंतच्या बांगड्यांनी असा गजर केला की बुवांनी मान वर करून स्मित केलं.

मी सासूबाईंना कोपराने ढोसलं. “पाहिलंत?”

त्या चिकाकडे बघत नव्हत्या. मांडीवरच्या हाताकडे बघत होत्या. त्यांची बांगडी वाजली नव्हती.

“काय झालं हो?”

“काय न्हाई. ऐक तू.”

मी ऐकलं. पण आता मध्येच कानात मुसळ पडायचं. तान वर जायची आणि मला अंगणातला तो बोडका माणूस दिसायचा. बुवा मुलतानी संपवून पाणी प्यायले, हसले, आणि खालच्या मंडळींना म्हणाले, “मी इथे पूर्वी आलो होतो तेव्हा वरून समेवर एक अडकित्ता वाजायचा. बांगड्या चुकतील, पण तो चुकायचा नाही. मी त्या दिवशी त्या अडकित्त्याला घाबरून गायलो.” मंडळी हसली. बुवा वर पाहत राहिले. “ते कान आता नसतील.”

सासूबाईंनी पदराचा बोळा करून तोंडात घातला. चिकाआड कुणाला कळलं नाही. शेजारच्या बाईला वाटलं, गाण्याने पाणी आलं डोळ्यांत. तिने कौतुकाने पाठीवर हात ठेवला. तो हात त्यांना विंचवासारखा लागला असणार. मी म्हटलं, “जायचं का घरी?” त्यांनी मान हलवली. नाही. मग बुवांनी मारवा घेतला, आणि आम्ही उठलो नाही. मग ठुमरी, आणि आम्ही उठलो नाही. मग भैरवी. दु:ख करायचं तर घरी जाऊन करायचं आणि ऐकायचं तर मन लावून ऐकायचं; आमच्याने दोन्ही झालं नाही. पण उठलोही नाही.

घरी आलो तेव्हा पुतण्या जागा होऊन पायरीवर विडी ओढत होता. आम्हाला बघून विडी विझवली आणि आमच्या मागे, फाटकाकडे, मान लांब करून बघू लागला.

सासूबाई त्याच्यापुढे उभ्या राहिल्या. पदर सारखा केला. “सांग आता,” म्हणाल्या.

“म्या काय सांगू? तुमी सांगा. कसं झालं गानं?”

त्याची नजर अजून फाटकाकडेच होती.

“आन आक्का कुठं हायेत? मागनं येत्यात का?”

“आक्का?” सासूबाईंचा आवाज इतका बारीक झाला होता.

“स्टँडावर बशिवलंवतं न्हवं त्यास्नी. चालवना झालं, म्हनून म्या म्होरं आलो टांगा सांगाया. तुमी म्हनालात, समदं समजलंय, आमी बगतो. मला वाटलं, क्लबातली मानसं धाडून आणलं आसंल परभारे.” त्याने आमचे चेहरे पाहिले. “काकी? न्हेलंत न्हवं त्यास्नी गान्याला?”

आता सगळं सांगून टाकते. आक्कांना बुवा येणार हे वेल्ह्याच्या बाजारात कळलं आणि त्या अंथरुणातून उठल्या. पहाटेच्या एस.टी.ने नसरापूरच्या फाट्यावर, तिथून दुसरी गाडी भोरला. रस्ता वळणाचा, आक्कांना ओकारी आली, आणि गाडीत ऐन वेळी दुसरं काही मिळेना तेव्हा पुतण्याने आपली टोपी पुढे केली. म्हणून बोडकं डोकं. खिडकीतल्या धुळीने डोळे लाल. आक्का एकट्या बसल्यात म्हणून पाणी प्यायलाही सवड नव्हती. हे सगळं तो दुपारी एका दमात सांगायला आला होता, आणि आम्ही दाणे कुटले.

आम्ही धावत स्टँड गाठला. चुलीवर हंडा उकळत राहिला.

आक्का कोपऱ्यातल्या बाकावर बसल्या होत्या. धुतलेलं पांढरं लुगडं, मांडीवर गाठोडं, त्यावर दोन्ही हात. इकडे तिकडे बघतही नव्हत्या. आलेल्या माणसाला आपण वाट बघतोय असं वाटू नये, अशा बसल्या होत्या.

“आलीस का,” सासूबाईंना म्हणाल्या. “मला वाटलं, टांगा मिळना झाला.”

सासूबाई त्यांच्या पायाशी फरशीवरच बसल्या.

“संपलं का गं?”

“संपलं.”

“कसं झालं?”

सासूबाई म्हणाल्या, “काय खास न्हाई झालं, आक्का. बुवा थकल्यात आता. आवाज बसलावता. तुमी न्हवता तेच बरं.” आणि माझ्याकडे वळून, “व्हय का न्हाई गं?”

मी, जिला एक शब्द विचारला तर दहा सांगायची सवय, मान खाली घालून “हो” म्हणाले.

ते खोटं पुरतं कोरडंही झालं नव्हतं, तोच क्लबाची सगळी मंडळी बुवांना पोहोचवायला स्टँडात शिरली. काय तो जल्लोष! कुणी मारव्याची तान तोंडाने काढत होता, कुणी म्हणत होता, “असं गाणं जन्मात ऐकलं नाही!” पेटीवाला पेटी डोक्यावर घेऊन डोळे पुसत होता. आक्का त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग सासूबाईंकडे. सासूबाईंनी माझा दंड धरला आणि नखं रुतवली. माझ्या दोन बांगड्या तिथेच फुटल्या.

बुवांची नजर बाकाकडे गेली. आक्कांनी गाठोडं सोडून त्यातून छोटी पिशवी काढली होती. घरच्या आंबेमोहोराचे तांदूळ होते. गाण्याला रिकाम्या हाताने जायचं नाही ही त्यांच्या काळची रीत. गाठोड्यात पिशवीशेजारी अडकित्ता दिसत होता. बुवा चालत आले आणि थबकले.

“बाई, हा अडकित्ता…”

“माजा हाय,” आक्का म्हणाल्या. “हे घ्या. हिरड्याच्या झाडाखालच्या खाचराचं हायेत.”

बुवांनी पिशवी दोन्ही हातांनी घेतली. “म्हणजे तुम्ही होतात आज! आवडलं का गाणं?”

सासूबाईंनी डोळे मिटले.

“लई ग्वाड झालं,” आक्का म्हणाल्या.

“मग अडकित्ता का वाजला नाही? मी वाट बघत होतो.”

“आवरला मोह. येवड्या गोड गान्यात लोखंड कशाला वाजवायचं.”

बुवा खाली वाकले आणि आक्कांच्या पायाला हात लावला. एवढा मोठा माणूस, स्टँडच्या फरशीवर. मग कंडक्टरने घंटी मारली, मंडळींनी बुवांना गाडीत चढवलं, तंबोरे खिडकीतून आत गेले, गाडी गेली. न ऐकलेल्या गाण्याला आमच्यापेक्षा चांगली दाद मिळाली होती.

टांग्यात सासूबाईंनी आक्कांचं गाठोडं आपल्या मांडीवर घेतलं. मग म्हणाल्या, “आक्का, मला वाटलं, तुमी…”

“गेले?”

“व्हय. त्येच्या डोस्क्याला टोपी न्हवती.”

“आन म्हनून त्येला बोलू दिलं न्हाईस?”

“न्हाई दिलं.”

घोड्याच्या टापा वाजत राहिल्या. पुढे टांगेवाल्याशेजारी बसलेला पुतण्या आपल्या बोडक्या डोक्यावर हात ठेवून होता. मग आक्का हसल्या, पोटातून, खोकला येईपर्यंत. “अगं, गान्यापायी म्या बी तेच केलं आसतं.” मग हसू संपल्यावर म्हणाल्या, “पर म्या आदी इचारलं आसतं, कोन गेलं म्हनून.”

सासूबाईंना त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी येऊन त्या उकळत्या हंड्यातल्या पाण्याने आक्कांना आंघोळ घातली. मग आक्का मला म्हणाल्या, “पोरी, खरं सांग आता. कसा गायला?” आणि मी सांगितलं. पाट उलटा करून त्याचं टेबल केलं, डावीकडे झुकले, पेटीवाल्याचं पान गालात थांबवून दाखवलं, टकलं डोलवली. तान मला काढता येत नव्हती, पण तान आल्यावर माणसांची तोंडं कशी होतात ते येत होतं. आक्का भिंतीला टेकून हसत होत्या, मध्येच “पुना दाव” म्हणत होत्या. माणसांना बसवून गोष्टी सांगायची ही माझी खोड सुरू झाली ती तिथे. लोक म्हणतात, तुम्ही फार रंगवून सांगता. रंगवणारच. ज्या बाईचं खरं गाणं आपण चुकवलं तिला दुसरं काय देणार होते?

सासूबाई चुलीपुढे पाठ करून बसल्या होत्या. आक्का दोन वेळा म्हणाल्या, “त्या मारव्याचा मुखडा तरी म्हनून दाव की गं, तुज्या ध्येनात आसंल.” त्यांच्या ध्यानात सगळं होतं. त्यांना म्हणवलं नाही.

चार दिवस राहून आक्का वेल्ह्याला गेल्या. त्यानंतर सासूबाई सुगी, पाऊस, पापड काही न बघता दोनदा जाऊन आल्या. तिथे काय बोलणं झालं मला माहीत नाही.

आणि मग एका गुरुवारी, दिवेलागणीच्या जरा आधी, पुतण्या अंगणात येऊन उभा राहिला. टोपी नव्हती. पायरी चढला नाही. सासूबाई दारात आल्या. तो काहीच बोलेना. नुसता उभा. बराच वेळ उभा राहून शेवटी त्याने अगदी हळू विचारलं,

“काकी, आता सांगू का?”

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हे मी शपथेवर सांगते. मागच्या वेळी बोलायचं नाही म्हणून बजावलं होतं. या वेळी तो परवानगी मागत होता.

सासूबाई पायऱ्या उतरून त्याच्यासमोर गेल्या. “सांग बाबा,” म्हणाल्या. “लवकर सांग.”

त्याने सांगितलं.

दहा दिवस आम्ही सगळं पाळलं. तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी वारा क्लबाच्या बाजूने वाहत होता. कुणीतरी तिथे रियाजाला बसलं होतं. गवई नव्हे, गावातलाच कुणी हौशी, बेतास बात. मी खिडकी लावायला उठले. सासूबाई खिडकीकडे पाठ करून जमिनीवर बसल्या होत्या.

“राहू दे,” म्हणाल्या. “उकडतंय.”

उकडत नव्हतं. मी कडीवरचा हात काढला. लांबून तबल्याचं आवर्तन फिरून जागेवर आलं, आणि त्याच क्षणी सासूबाईंचं एक बोट फरशीवर पडलं. टक्. बरोबर समेवर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तो हात चटकन पदराखाली घेतला.